अँबेसेडर, इसुझू डिझेल आणि 90 अँपिअरचा अल्टरनेटर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

गाडी मार्क 2 अँबेसेडर. मूळ 1489 सीसी पेट्रोल इंजिन काढून त्याजागी इसुझूचं 1995 सीसी डिझेल बसवलेलं. पुढे डिस्क ब्रेक, बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक पेडल हलकं करणारा डबा), नंतर जोडलेला एसी. वापर ठाण्यातला: घोडबंदर रोड रोजचा, आठवड्यातून एकदोनदा ऐरोली पुलावरून नवी मुंबई. इंजिनासोबत आलेला जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, या भाराला पुरत नव्हता, म्हणून 12 व्होल्ट 90 अँपिअरचा बसवला. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेल्यावर हे लिहितो आहे.

आधी निकाल: चार्जिंग सुधारलं, पण त्याचं अर्धं श्रेय नव्या अल्टरनेटरचं नाही. ते पुलीचं (ज्यावर पट्टा फिरतो ते चाक) आणि केबलचं आहे. दुकानात सगळे अँपिअरचा आकडा विचारतात. तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला 6000 फेऱ्यांवर फिरताना मिळतो. कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये डिझेल इंजिन 750 वर घुटमळत असतं, तिथे 90 चा अल्टरनेटर तिशीच्या घरात आला तरी नवल नाही. त्यात बॉनेटखाली तापला की उत्पादन आणखी घटतं.

भाराचा हिशोब पावसाळी संध्याकाळचा करावा, तोच खरा. हेडलाइट लो बीमवर 8, पार्किंग आणि मीटरचे दिवे 3, ब्रेक लाइट 3, वायपर 5, एसीचा क्लच 4, ब्लोअर 10, कंडेन्सरचा पंखा 10, डिझेल पंपाचा सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) 1, म्युझिक आणि फोन चार्जर 3. झाले 47-48 अँपिअर. रेडिएटरचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर आहे म्हणून बरं. इलेक्ट्रिक असेल तर आणखी 15 धरा. मूळ गाडीचा लुकासचा सी40 डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचं जुन्या पद्धतीचं यंत्र) जेमतेम 22 अँपिअर द्यायचा. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, 30 येत असतील आणि 48 जात असतील, तर दीड तासाच्या ट्रॅफिकमध्ये बॅटरीतून 27 अँपिअर-अवर गेले. 70 अँपिअर-अवरच्या बॅटरीला असं रोज सोसत नाही. सकाळी थंड डिझेल इंजिन तापवणारे हीटर प्लग चारही मिळून 40-50 अँपिअर ओढतात, त्यानंतर सेल्फ. मग दोष बॅटरीला.

अल्टरनेटर निवडताना पहिली गोष्ट त्याचा मागचा भाग. डिझेलला थ्रॉटलचा व्हॅक्यूम नसतो. त्यामुळे बूस्टरचा व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या छोट्या पंपातून येतो. एखाद्या पेट्रोल गाडीचा देखणा, स्वस्त अल्टरनेटर आणून बसवला तर चार्जिंग उत्तम होईल आणि ब्रेक पेडल दगडासारखं होईल. त्यामुळे बोलेरो-सुमोच्या वर्गातला, मागे पंप असलेला 12 व्होल्टचा घ्या. तुर्भे-कळंबोलीकडे ट्रकचा माल भरपूर मिळतो, पण तिथे 24 व्होल्टचे बाहेरून सारखेच दिसतात. प्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि प्लेट खरवडलेली असेल तर घेऊच नका. पंपाची फिरण्याची दिशाही जुळायला हवी. उलटा फिरवला तर व्हॅक्यूम होत नाही. ज्यांच्या गाडीत अजून मूळचे बिनबूस्टरचे ड्रम ब्रेक आहेत, त्यांना ही सगळी कटकट नाही, साधा अल्टरनेटर चालतो.

पंपाला ऑइल लागतं. इंजिनच्या ऑइल गॅलरीतून (दाबाखालच्या ऑइलची वाट) बारीक नळी आत येते आणि जाड नळीने ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, परत जातं. येणारी नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचं भोक मुद्दामच बारीक असतं. 'ऑइल कमी जातंय' म्हणून ते ड्रिलने मोठं करणारे मिस्त्री आहेत, त्यांना थांबवा. परतीची नळी सतत उताराची हवी, कुठेही मुरड पडता कामा नये. ती तुंबली की ऑइल सील ओलांडून अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन (आतले घासणारे ब्रश) भिजतात आणि चार्जिंग बंद. कार्बन बदलून दोन आठवड्यांत पुन्हा तेच, असं ऐकलं की आधी ही नळी बघावी. बसवल्यावर बूस्टरच्या नळीला गेज लावून आयडलवर 600 मिलिमीटर पाऱ्याच्या वर व्हॅक्यूम येतो का ते पाहा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नवाच टाका.

आता पुली. क्रँकची पुली 150 मिलिमीटर, अल्टरनेटरची 65. म्हणजे 750 च्या आयडलवर अल्टरनेटर साधारण 1730 फेऱ्या फिरतो. वागळे इस्टेटमध्ये लेथवर 56 मिलिमीटरची पुली करून घेतली आणि आयडल 850 ला नेलं. आता सुमारे 2270. वरच्या टोकाला, इंजिन 4500 वर असताना, 12,000 होतात. या प्रकारच्या अल्टरनेटरला ते झेपतं. सगळं चालू ठेवून, इंजिन गरम, गाडी उभी: मोठ्या पुलीवर बॅटरीच्या टोकांना 12.4 व्होल्ट आणि तेही हळूहळू उतरणारे. छोट्या पुलीवर 13.1 ते 13.2, स्थिर. पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर 13.9 ते 14.2. सकाळी थंड इंजिनवर 14.4 दिसतं ते ठीकच, रेग्युलेटर तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलतो.

छोट्या पुलीची किंमत पट्टा मोजतो. 90 अँपिअर म्हणजे जवळपास तीन हॉर्सपॉवरचा भार आणि तो एकाच व्ही बेल्टवर. पुली लहान झाली की पट्ट्याची मिठीही कमी होते. 50 मिलिमीटरच्या खाली गेलात तर पट्टा घसरणारच. इथेही मुसळधार पावसात पहिल्या स्टार्टला काही सेकंद किंचाळतो, अजून पूर्ण गेलेलं नाही. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 12 मिलिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतो, तेव्हा पुन्हा ताणावा लागतो. फार ताणला तर बेअरिंग आणि पंपाचं सील दोन्ही जातात.

ब्रॅकेट 5 मिलिमीटरच्या पट्टीचं करू नका. डिझेलच्या कंपनांनी वेल्डजवळ तडा जातो. 8 मिलिमीटर माइल्ड स्टील, एम10 चा 8.8 ग्रेडचा बोल्ट आणि फट भरणारा नेमका स्पेसर. वायसर रचून फट भरली की अल्टरनेटरचा कान तुटतो. दोन्ही पुल्या एका रेषेत, 1 मिलिमीटरच्या आत. एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडे हवा खेळेल असा.

वायरिंगमध्ये जुना कटआउट, म्हणजे डायनामोचा कंट्रोल बॉक्स, चार्जिंगमधून पूर्ण काढा. त्यातून 80 अँपिअर नेण्याचा विचारही नको. लाल दिव्याची जी वायर कटआउटच्या डी टोकाला होती, ती अल्टरनेटरच्या डी प्लसला, म्हणजे दिव्यासाठीच्या टोकाला, जाते. कटआउटच्या एफ टोकाची वायर टेप करून बांधून ठेवायची. साठच्या दशकातल्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, नाही ना, ते आधी बघा. तसंच जोडलं तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात उडतात. डॅशवर 30 अँपिअरचा अँमीटर असेल तर त्याला बायपास करून व्होल्टमीटर लावा.

मुख्य केबल 16 स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, थिंबल दाबून बसवलेला, नुसता सोल्डर नाही, आणि बॅटरीजवळ 100 अँपिअरचा फ्यूज. दोन मीटरच्या 6 स्क्वेअरच्या वायरमध्ये 80 अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो. 16 मध्ये 0.2 पेक्षा कमी. अर्ध्या व्होल्टमुळे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तपासणी सोपी: 1500 फेऱ्यांवर सगळा भार चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसवर (मुख्य केबलचं टोक), दुसरी बॅटरीच्या प्लसवर. 0.3 च्या वर नको. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह: 0.1 च्या वर नको. इंजिन बदललेल्या गाड्यांत बहुतेक वेळा दुसरी चाचणीच नापास होते. इंजिन नव्या रबर माउंटवर बसतं आणि इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी जोडायची राहते. मग सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. केबल गरम लागली किंवा अडकायला लागली, तर तेल घालू नका, अर्थ बघा.

दोन बारीक गोष्टी. डॅशच्या लाल दिव्याजागी एलईडी लावला की अल्टरनेटर जागा होत नाही, जोरात रेस दिल्यावरच चार्जिंग सुरू होतं. 3 वॉटचा बल्ब पाव अँपिअर देतो, एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. एलईडीच हवा असेल तर समांतर 68 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर. दुसरी गोष्ट, किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहणं. डी प्लसचा करंट दिव्यातून उलटा येऊन पंपाचा सोलेनॉइड उघडा धरतो. दिव्याच्या वायरमध्ये 1एन4007 डायोड टाका, त्याच्यावरची रंगीत पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. दोन्ही वस्तू लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळतात.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक काढून 'अल्टरनेटर बघणारा' वायरमन दिसला तर गाडी घेऊन निघा. डायनामोच्या काळात ते खपायचं. इथे व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड दोन्ही जातात. डायोडची शंका असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर (ऑल्टरनेटिंग करंट) ठेवून बॅटरीवर लावा. इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलेला आहे.

तक्रारी म्हणाल तर एसी आणि हेडलाइट एकत्र लागले की आयडल पन्नासेक फेऱ्यांनी दबतं. पंपाच्या सांध्यावर ऑइलचा ओलावा दिसतो, थेंब पडत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. खाडीजवळच्या दमट खारट हवेने बी प्लसच्या नटावर हिरवट थर धरला होता. साफ करून ग्रीस आणि रबरी टोपी लावल्यापासून ठीक. अल्टरनेटर खाली बसतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यासाठी खालून रबराचा पडदा लावलाय. पाठीमागची हवा मात्र बंद करायची नाही. उन्हाळ्यात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, महिन्यातून एकदा झाकणं उघडावीच लागतात.

अल्टरनेटर बदलायला आरटीओत जावं लागत नाही. इंजिन आणि इंधन बदललं असेल तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, विम्यालाही कळवावं लागतं. नव्या पुलीमुळे पट्ट्याची लांबी बदलते. बसलेल्या पट्ट्याचा नंबर लिहून ठेवा आणि त्याच नंबरचा एक डिकीत ठेवा. इंजिनच्या मूळ नंबरचा पट्टा आता बसत नाही आणि गायमुखला रात्री दुकान उघडं नसतं.