शंभर किलोपुढच्या माणसाची चाकं: डिचोलीत बांधून घेतलेली जोडी

माझं वजन १०४ किलो. त्यात सायकल, दोन बाटल्या, मागची बॅग धरली की चाकांवर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो, आणि त्यातला बराचसा मागच्या चाकावर. एवढ्या भाराच्या माणसाला सायकलच्या दुकानात दोनच सल्ले मिळतात: एकतर जाडजूड, लोखंडासारखी जड चाकं घ्या, नाहीतर वजन उतरवा. तिसराही रस्ता आहे. चाकं आपल्या मापाने बांधून घ्यायची. तशी जोडी मी गोव्यात, डिचोलीतल्या एका मिस्त्रींकडून बांधून घेतली. एक अख्खा पावसाळा ती माझ्या बुडाखाली राहिली आहे, म्हणून आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येतं.

सायकलसोबत कंपनीची जी चाकं आली होती ती यंत्रावर बांधलेली, २८ स्पोकची. मागचे स्पोक तुटायचे. तेही कुठूनही नाही. नेहमी कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याच्या) बाजूचे, आणि नेहमी मानेत, म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून स्पोक जिथे वळतो तिथे. आमच्या गावचा पंक्चरवाला तुटलेला बदलून द्यायचा, आऊट काढायचा (डुलणारं चाक सरळ करायचा), आणि काही दिवसांनी शेजारचा जायचा.

डिचोलीच्या मिस्त्रींनी चाक हातात घेतलं, उजवीकडचे दोन स्पोक चिमटीत दाबून पाहिले आणि सांगितलं की हे वजनाने तुटत नाहीत, ढिलाईने तुटतात. नंतर मी वाचून खातरजमा केली, ते खरंच आहे. चाक फिरताना जो स्पोक जमिनीच्या बाजूला येतो त्याचा ताण क्षणभर उतरतो आणि वर जाताना परत चढतो. ३५ मिमीच्या टायरचं चाक एका किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतं. म्हणजे २०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) प्रत्येक स्पोक ९० हजारांवर वेळा सैल-घट्ट होतो. मुळात ताण कमी असेल तर खाली येताना तो पूर्ण ढिला पडतो, मान भोकात हलते आणि धातू थकतो. एक तुटला की बाकीचे तेवढेच थकलेले असतात, म्हणून एकेक बदलून काही साधत नाही.

आता सामान. हबवर मी फार वेळ घालवला नाही. माझी फ्रेम जुन्या पद्धतीची, मागे हबसाठी १३५ मिमीची जागा आणि क्विक रिलीज (हाताने उघडायची खिट्टी), त्यामुळे शिमानो डिओर एक्सटीचा एम७५६ हे सरळ उत्तर होतं. ३६ भोकं, सहा बोल्टची डिस्क, आणि आत सुटे छर्रे. मागच्या हबात पाव इंची, एका बाजूला नऊ. आपल्याकडे प्रत्येक जुन्या मिस्त्रीकडे कोनचे पाने आणि ग्रीसचा डबा असतोच, त्यामुळे पावसाळ्यानंतर हब उघडून पुसून परत बसवायला कुणाला शोधत जावं लागत नाही. फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो हबचा भाग, तोही पोलादी आहे. चढावर उभं राहून जोर लावणाऱ्या जड माणसाच्या कॅसेटचे दात अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबात रुतून बसतात, आणि मग कॅसेट काढताना ठोकाठोकी करावी लागते.

रिम साधी अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची, प्रत्येकी सव्वापाचशे ग्रॅमच्या आत. इथे मोह पडतो, विशेषतः खोल कार्बन रिमचा. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण माझ्या अडचणीचं मूळ रिममध्ये नव्हतंच. पण डिस्क ब्रेक असणं मात्र गोव्यात फार कामाचं. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींच्या रिम आपली जांभ्याची तांबडी माती पावसात अक्षरशः घासून खाते. डिस्क असली की रिमला फक्त भार पेलायचा असतो, म्हणून ती थोडी हलकी घेतली तरी चालते.

खरा प्रश्न स्पोकचा. माझी समजूत अशी होती की वजनदार माणसाला जाड स्पोक हवा, वरपासून खालपर्यंत २ मिमी. मिस्त्री म्हणाले, "बारीक तार म्हणजे कच्ची तार न्हय, मास्तर." त्यांनी सुचवले ते सापिम कंपनीचे: पुढे आणि मागे डावीकडे 'रेस', म्हणजे दोन्ही टोकांना २ मिमी आणि मधे १.८. मागे उजवीकडे 'फोर्स', म्हणजे मानेत २.१८, मधे १.८, आणि आट्यांच्या टोकाला २. मधला बारीक भाग त्याच ताणाला जास्त लांबतो, म्हणून चाक खाली दबलं तरी स्पोकमध्ये थोडा ताण शिल्लक राहतो, आणि खड्ड्याचा दणका एकट्यावर न येता शेजारच्यांत वाटला जातो. जाडी हवी ती मानेत, कारण तुटतं तिथेच, आणि जाड मान भोकात घट्ट बसते. शिवाय सरळ २ मिमीच्या स्पोकपेक्षा दोन चाकांत मिळून ५० ग्रॅमच्या आसपास वजनही उतरतं. मजबुती आणि हलकेपणा एकाच निर्णयातून मिळतो अशी जागा सायकलमध्ये क्वचित सापडते, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

संख्या मागे ३६, पुढे ३२. तीन क्रॉसची विण, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून रिमपर्यंत जातो, दोन्हीकडे. डिस्क ब्रेकचा सगळा पीळ हबमधून स्पोकमार्गेच रिमला जातो, त्यामुळे सरळ रेडियल विण (स्पोक एकमेकांना न ओलांडता) पुढच्या चाकालाही चालत नाही. ३६ ही संख्या ऐकून शहरातले काही मित्र हसले. जुन्या इंग्रजी धाटणीच्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, आणि त्या सायकलींनी पोती वाहिली आहेत. पुढे कमी, मागे जास्त हा हिशेब तेव्हाच बसलेला होता.

निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारी छोटी नट, पितळीच घ्या. यावर मी अडूनच बसलो असतो, पण मिस्त्रींनी दुसरं काही पुढे केलंच नाही. अ‍ॅल्युमिनियमचे घेतले तर ६८ निपलांत मिळून ४५ ग्रॅमच्या आसपास वाचतात. त्या बदल्यात स्टेनलेस स्पोकच्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम आणि खारट पाणी एकत्र येतं, निपल गंजून पांढरी पूड धरतं, जाम होतं, आणि आऊट काढायला गेलं की चावीखाली त्याचा भुगा होतो. मी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर नेहमी जातो. फेरीच्या उतारावर भरतीचं पाणी चाकाला लागतं, पलीकडे खारफुटीतला रस्ता. अशा ठिकाणी ४५ ग्रॅमसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही. याच कारणाने झिंक चढवलेले स्वस्त स्पोकही नकोत. एका पावसाळ्यात ते तांबूस पडतात.

बांधणी मी शेजारी स्टुलावर बसून पाहिली, आणि या सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. आधी प्रत्येक स्पोकचे आटे जवसाच्या तेलात बुडवले. हे तेल रंगाच्या दुकानात मिळतं. बांधताना आटे सहज फिरतात आणि पुढे तेल चिकट होऊन निपल आपोआप सैल होऊ देत नाही. सगळे स्पोक ओवून झाल्यावर ताण लगेच चढवला नाही. आधी प्रत्येक मान अंगठ्याने हबच्या कडेला दाबून बसवली. मग पाव-पाव फेरा, पूर्ण गोल, व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून परत तिथपर्यंत. दर दोन गोलांनंतर चाक मांडीवर घेऊन ते समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी करकचून दाबत. पीळ सुटल्याचा बारीक टणटण आवाज येई. आवाज येईनासा झाला तेव्हाच ते पुढच्या फेऱ्याकडे वळले.

ताण मोजायचं पार्क टूलचं मीटर त्यांच्याकडे आहे, आणि मागे उजवीकडे त्यांनी १२० किलोच्या आसपास ताण धरला. पण मीटर लावण्याआधी ते नखाने स्पोक छेडतात. मी भजनाला पेटीवर बसतो, म्हणून मला ते लगेच कानात शिरलं. उजवीकडचे सगळे स्पोक एका स्वरात होते. एकच जरा उतरलेला, तो त्यांनी माझ्याआधी ओळखला. कॅसेटमुळे मागचं चाक एका बाजूला झुकतं बांधावं लागतं, त्यामुळे डावीकडे ताण उजवीच्या साठ टक्क्यांच्या जवळपासच बसतो. ऐकू येतं तेही तसंच: डाव्या स्पोकचा स्वर षड्ज धरला तर उजव्याचा गंधार आणि मध्यम यांच्या दरम्यान कुठेतरी. कंपनीच्या जुन्या चाकाला नंतर असंच छेडून पाहिलं, तर एका बाजूच्या स्पोकमध्येही स्वर मिळत नव्हते.

टायर, डिस्क, कॅसेट सोडून जोडीचं वजन भरलं साधारण २ किलो १५० ग्रॅम. जुनी २८ स्पोकची जोडी २ किलो ४०० च्या वर होती. बारा स्पोक वाढूनही चाकं हलकी झाली. हुरूप आला तो साखळी गावावरून केरी, अंजुणे धरण आणि पुढे चोर्ला घाट चढताना. उभं राहून पेडल मारलं की पूर्वी मागची डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला घासल्यासारखा आवाज यायचा, तो गेला. उतारावर रंबलरच्या पट्ट्यांवरून जाताना सायकल सरळ राहते. पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर मिस्त्रींनी चाकं परत मागवली आणि मागे दोन निपलांना जेमतेम फेरा दिला. त्यानंतर चावी लागलेली नाही, आणि एकही स्पोक गेलेला नाही.

तक्रारी आहेत. वेळ फार लागतो. हब आणि रिम हातात आल्याशिवाय मिस्त्री स्पोकची लांबी सांगत नाहीत. रिमचा आतला व्यास ते स्वतः दोन कापलेल्या स्पोकनी मोजतात, छापील आकड्यावर भरवसा ठेवत नाहीत. ते योग्यच आहे, पण त्या लांबीचे चांगले स्पोक गोव्यात मिळत नाहीत, पुण्याहून मागवावे लागले, आणि त्यात आठवडे गेले. दुकानाला पाटी नाही, फोन उचलतील याची खात्री नाही, आणि चतुर्थीच्या आधी-मागे जाऊच नका. लिहून काही देत नाहीत. लांबी तुम्हीच टिपून घ्या (माझ्या मागच्या चाकाला उजवीकडे २८६ मिमी, डावीकडे २८८) आणि प्रत्येक लांबीचे दोन-तीन स्पोक जास्तीचे मागवून फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. मजुरी दोन हजारांच्या आत झाली. तेवढं काम, तेवढ्या संध्याकाळी आणि ते कान पाहता ती मला कमी वाटली, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

तुमचं वजन ८५ च्या आसपास असेल तर मागेही ३२ पुरेत, उजवीकडचा जाड मानेचा स्पोक मात्र सोडू नका. फ्रेम थ्रू-अ‍ॅक्सलची (खिट्टीऐवजी आरपार जाड दांड्याची) असेल तर एम७५६ बसणार नाही. डीटी स्विसचा ३५० पाहा, खर्च बराच वाढेल. आणि मिस्त्रींकडे जाताना स्वतःचं खरं वजन सांगा, बॅगेसकट. ते पहिला प्रश्न तोच विचारतात आणि ताण त्यावर ठरवतात.