नोलन रायन की ग्रेग मॅडक्स, आधी कोणाच्या मॅच बघाव्यात?

बेसबॉल नुकतंच बघायला लागलात आणि पिचिंग, म्हणजे बॅटरला बॉल टाकायची कला, नीट कळून घ्यायचंय तर सुरुवात या दोघांपैकी कोणापासून करायची? दोघं हॉल ऑफ फेममधले (दिग्गजांचा मानाचा गट), दोघं उजव्या हाताचे, पिचर म्हणून दोघांच्या नावावर विन्स तीनशेच्या वर, पण काम करायची पद्धत एकदम उलटी.

रायन म्हणजे स्पीड. 27 सीझन, 5714 स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट) आणि 7 नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता संपवलेली मॅच), दोन्ही रेकॉर्ड अजून कोणाला मोडता आलेले नाहीत. टोरांटोविरुद्धची 1 मे 1991 ची मॅच तर बघाच, वय 44 आणि 16 स्ट्राइकआउट्स, शेवटची विकेट म्हणाल तर रॉबर्टो अलोमार! पण वॉक दिले 2795, तोही रेकॉर्डच, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवायचं, आणि हे एकट्या 1977 मध्ये 204 वेळा. साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, एकदाही नाही. आता टीमने साथ दिली नाही हेही खरंय, 1987 मध्ये ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेले सरासरी रन, कमी तितका चांगला) 2.76, लीगमध्ये सगळ्यात कमी, तरी 8 विन्स आणि 16 लॉस, असं वाचलं की वाईट वाटतं हो.

मॅडक्सकडे तसा स्पीड नव्हता. तरी 355 विन्स, 1992 ते 95 सलग चार साय यंग, आणि 23 सीझनमध्ये वॉक फक्त 999. लेफ्टी बॅटरला त्याचा टू-सीमर, म्हणजे शेवटी वळणारा फास्टबॉल, बघा, बॉल सरळ कंबरेवर येतोय असं वाटून बॅटर मागे सरकतो आणि तो शेवटी वळून प्लेटच्या आतल्या कडेवरून जातो, अंपायर स्ट्राइक देतो, बॅटर बघतच राहतो. 22 जुलै 1997 ला शिकागो कब्स टीमविरुद्ध त्याने अख्खी मॅच 80 पेक्षा कमी पिचमध्ये, म्हणजे टाकलेल्या बॉलमध्ये, संपवली! नो-हिटर मात्र एकही नाही, कारण बॅटरला बॉल मारू द्यायचा पण नीट मारू द्यायचा नाही हाच त्याचा खेळ.

थरार हवा असेल तर रायन, शिकायचं असेल तर मॅडक्स. मी तरी मॅडक्सच आधी सांगेन, आणि अमेरिकेत कोणाचं पोरगं पिचिंग शिकत असेल तर नक्कीच, रायनचा हात कोणाला शिकवता येत नाही पण बॉल कुठे टाकायचा हे शिकवता येतं. फक्त सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातलं फुटेज शोधा, त्यात कॅचरचा ग्लव्ह किती कमी हलतो ते दिसतं.