ताज्या स्ट्रॉबेरी पायसाठी कॉर्नफ्लॉवर की चायना ग्रास?

थंडीत सुरगाणा, बोरगावकडची स्ट्रॉबेरी नाशिकच्या बाजारात आली की पाय, म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरलेला गोड पदार्थ, करायलाच हवा. यात फळ शिजवत नाहीत. आधी भाजून गार केलेल्या पारीत अख्खी फळं रचायची आणि वरून घट्ट रस ओतायचा. खरा प्रश्न हा रस कशाने घट्ट करायचा याचाच.

मी कॉर्नफ्लॉवरच्या बाजूची. अर्धा किलोतली मूठभर मऊ फळं कुस्करा, त्यात अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी पाणी आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर घालून मंद आचेवर ढवळत राहा. आधी रस दुधाळ, फिकट गुलाबी दिसतो. बुडबुडे फुटू लागले की एकदम काचेसारखा लालभडक होतो. त्यानंतरही मिनिटभर उकळू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, कारण आंबटपणासोबत उकळलं तर रस सैल पडतो. हा थर मऊ राहतो, फळाला बिलगतो. मात्र दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, म्हणून त्याच दिवशी संपवा.

चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं अगर-अगर, पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं लागतं, पण फ्रीजबाहेरही घट्ट राहतं. मार्चच्या उन्हात नाशिकरोडहून गंगापूर रोडला डबा न्यायचा असेल तर तेच घ्या. जरा जास्त झालं की थर कडक होऊन फळावरून सुटा निघतो, म्हणून हात आखडता ठेवा.

दोन्हीत फळं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा. ओल्या फळावर कुठलाच रस धरत नाही.