पॅरामाटा लाइट रेल: इतक्या महिन्यांच्या वापरानंतर

सिडनीत वेस्टमीडला राहतो, त्यामुळे २० डिसेंबर २०२४ ला एल४ (वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड ट्राम लाइन) सुरू झाल्यापासून ही ट्राम घरातल्या सगळ्यांच्याच वापरात आहे. आपल्या लोकांत अजून तोच वाद चाललाय, "एवढी वर्षं रस्ते खोदले आणि ही बैलगाडी दिली?" म्हणून सविस्तर लिहितोय.

वेस्टमीड ते पॅरामाटा स्टेशन जायचं असेल तर ट्रेनच पकडा, ट्रेन सरळ जाते आणि ट्राम हॉस्पिटलं, बेनॉ ओव्हल करत उत्तरेकडून वळसा घालते, ती वेळेत जिंकूच शकत नाही. पण तिचं काम ते नाहीच ना! १२ किलोमीटर, १६ स्टॉप, आणि मधले जे स्टॉप आहेत त्यांच्यासाठी ही लाइन आहे. मुलगी रायडलमिअरच्या युनिव्हर्सिटीत जाते, यल्लामुंडी स्टॉपला उतरली की कॅम्पस लगेच. आई भारतातून आल्या होत्या, गुडघे दुखतात, बसची पायरी त्यांना जमत नाही, इथे फलाट आणि गाडीचा मजला एका पातळीत, त्या हात न धरता चढल्या आणि चिल्ड्रन्स हॉस्पिटलात नातवाला भेटून आल्या.

कार्लिंगफर्डकडच्यांचं म्हणणं वेगळं, त्यांची जुनी ट्रेन ५ जानेवारी २०२० ला बंद झाली. ती क्लाइड स्टेशनपर्यंत जायची, एकेरी रूळ, एक चुकली की पाऊण तास गेलाच. आता आठवड्याच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ दर साडेसात मिनिटांनी ट्राम आहे, म्हणजे टाइमटेबल न बघता घरातून निघता येतं. मला विचाराल तर गाडी किती पळते यापेक्षा दारातून निघून दारात पोचायला किती लागलं हे मोजा, वाट बघण्यातला वेळ कुणी धरतच नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. डंडस, टेलोपीया भागात जुन्या रेल्वेच्या जागेवरून गाडी मस्त पळते. चर्च स्ट्रीटवर हळू जाते तेही मान्य, दोन्ही बाजूला टेबलं मांडलेली, वेटर ताटं घेऊन रूळ ओलांडतायत, पोरं पळतायत, वर तारासुद्धा नाहीत, गाडी बॅटरीवर घंटा वाजवत पुढे सरकते, तिथे वेग मागणंच चूक. पण चौकात भरलेली ट्राम लाल सिग्नलला उभी आणि समोरून एकेक माणूस बसलेल्या गाड्या जातायत, हे बघून खरंच जीव जळतो. ४५ मीटरच्या गाडीत ४०० माणसं मावतात, तिला आधी सोडायला नको का?

दुसरा टप्पा ऑलिंपिक पार्ककडे जाणारे, त्यावर मतं मागवतील तेव्हा "ट्राम कशाला" असं लिहू नका, कृपया सिग्नलचं लिहा, कुठल्या चौकात आणि किती वाजता थांबावं लागतं त्यासकट.