आजोबांची हॉर्नेट: आहे तशी की के-हॉर्नेट?

गंगापूर रोडच्या घरात आजोबांची .22 हॉर्नेट रायफल आहे. अमेरिकेतला मित्र फोनवर म्हणाला, "चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, थोडं मोठं करून के-हॉर्नेट कर, जान येईल तिच्यात."

मूळ हॉर्नेट हे काडतूस 1930 च्या सुमाराचं. त्याची केस, म्हणजे दारू भरायची नळी, लांब, निमुळती, पातळ पितळेची. 45 ग्रेनची (सुमारे 3 ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे 2,700 फुटांनी जाते. आवाज कमी, धक्का जवळपास नाहीच. खोट एकच: केस पुन्हा भरून वापरली की लांबते, लवकर फाटते.

के-हॉर्नेट ही त्याचीच सुधारित आवृत्ती, अमेरिकन बंदूक कारागीर लायल किलबर्नची, 1940 ची. केसच्या भिंती सरळ, खांदा (केस तोंडाकडे अरुंद होते तो उतार) तीव्र, त्यामुळे थोडी जास्त दारू मावते आणि पितळही कमी ताणलं जातं. वेग वाढतो, पण फार नाही. शिवाय साधं हॉर्नेट काडतूस के-हॉर्नेटच्या चेंबरमध्ये उडवलं की केस नव्या चेंबरचा आकार घेते. युक्ती झकास, मान्य.

पण ती अमेरिकेत. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदुकीत फेरफार करायला आणि काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. आणि के-हॉर्नेटची खरी मजा काडतूस स्वतः भरण्यातच. वर वेग वाढवून मारायचं काय? शिकार तर कायद्याने बंद.

शिवाय कापलेलं चेंबर परत भरून येत नाही. बटवर आजोबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा आहे, हात तिथेच जातो. माझं मत मूळ हॉर्नेटला. मित्राला कळवलंय, तो अजून रुसलाय.