व्हाइटबोर्ड, आठ महिने आणि चौघांचं फिजिक्स : न पुसल्या जाणाऱ्या एका रेघेची तक्रार

बोर्ड घेऊन आठ महिने झाले. मेलामाइनचा (वर प्लास्टिकसारखा गुळगुळीत थर असलेला), तीन बाय दोन फूट, भिंतीला टांगायचा. चौकट, वजन, खिळे वगैरे माहिती सगळीकडे मिळते, ती इथे परत लिहीत नाही. मी लिहायला बसले ती एका उभ्या रेघेमुळे.

सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं भिंगाचं गणित करत होतो. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर (एफ) २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, प्रतिमा किती अंतरावर? बोर्डावर यू = −३० लिहिलं होतं (यू म्हणजे वस्तूचं अंतर, चिन्हांच्या नियमाप्रमाणे वजा). आदल्या आठवड्यात त्याच जागी कप्पीचं गणित होतं आणि कप्पीवरून खाली येणारी दोरी पुसूनही पूर्ण गेली नव्हती. ती फिकट रेघ नेमकी वजा चिन्हाच्या मधोमध आली. जवळ बसलेल्या दोघांनी वजा वाचलं, मागे बसलेल्या आम्ही दोघींनी अधिक. त्यांचं उत्तर ६०, आमचं १२.

वीस मिनिटं आम्ही एकमेकांची आकडेमोड तपासत होतो आणि दोन्हीकडची बरोबर निघत होती. शेवटी माझ्या शेजारच्या मैत्रिणीनेच पेन खाली ठेवलं. "वस्तू एफ आणि टू एफच्या मध्ये आहे ना? मग प्रतिमा टू एफच्या पलीकडेच पडायला हवी. चाळीसच्या आत येईलच कशी?" मी उठून बोर्डाजवळ गेले, तेव्हा कुठे ती दोरी दिसली.

परीक्षेच्या आदल्या दिवशीची वीस मिनिटं! खोक्यावर "एका फटक्यात स्वच्छ" असं छापलंय. वॉरंटी एक वर्षाची, पृष्ठभागासकट. तक्रार केली तर विक्रेत्याने विचारलं, ओलं फडकं वापरलंत का? नाही. घासणी? नाही. मग मार्करच हलका असणार, असं सांगून तक्रार बंद केली. आम्ही मार्कर त्यांच्याच बोर्डाबरोबर आलेले वापरत होतो, हे दोनदा लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. अजूनही चीड येते.

डाग का राहतो ते नंतर नीट समजून घेतलं. या मार्करच्या शाईत रंगाबरोबर एक तेलकट घटक असतो. त्यामुळे रंग पृष्ठभागाला घट्ट चिकटत नाही आणि कोरड्या डस्टरने निघतो. मेलामाइनचा थर मात्र हळूहळू झिजतो, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि शाई आत बसते. लिखाण दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर आणखी घट्ट. आम्ही एकेक गणित आठवडाभर ठेवायचो, त्यामुळे थोडी चूक आमचीही, पण आठ महिन्यांत एवढं व्हायला नको होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं की बरंच निघतं. जुन्या डागावर त्याच मार्करने गिरवून लगेच पुसलं तरी निघतं, कारण नव्या शाईतला द्रावक जुनी शाई सोडवतो. नवा बोर्ड घेण्याआधी हे करून बघा, आमचे पैसे त्यानेच वाचले.

इथपर्यंत लिहिताना एकच स्टार द्यायचा असं ठरलं होतं. पण कपॅसिटरचा (समोरासमोरच्या दोन प्लेट्सवर चार्ज साठवणाऱ्या साधनाचा) प्रसंग लपवला तर हा अनुभव खोटा ठरेल.

चौथ्या महिन्यात प्रश्न आला : बॅटरी जोडलेलीच ठेवून प्लेट्समधलं अंतर दुप्पट केलं, तर साठलेली ऊर्जा किती? व्होल्टेज (व्ही) तेच, कपॅसिटन्स (सी, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता) अर्धा, म्हणून ऊर्जाही (½सीव्ही²) अर्धी. उत्तर जुळलं, पुसून टाकलं. दोन दिवसांनी आमच्यातला एकजण अडला. प्लेट्स एकमेकींना ओढतात, आपण जोर लावून त्या दूर नेतो, म्हणजे काम आपण करतोय, मग ऊर्जा घटते कशी? उत्तर तिघांकडेही नव्हतं. बोर्डावर जुन्या गणिताचा फिकट ठसा होता : प्लेट्स, बाहेरचा बाण, "−¼सीव्ही²" आणि शेजारी बॅटरीचं चित्र, ज्याच्याभोवती आम्ही काहीच लिहिलं नव्हतं. त्याने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "बॅटरीचा हिशोब कुठेय?"

मग त्याच्याच हातात मार्कर दिला. चार्ज सीव्हीवरून अर्ध्यावर आला, म्हणजे अर्धा चार्ज बॅटरीत परत गेला, म्हणजे बॅटरीला ½सीव्ही² मिळाले. त्यातले ¼सीव्ही² कपॅसिटरने दिले, उरलेले ¼सीव्ही² आपण केलेलं काम. जमाखर्च जुळला. तो मागे सरकून कितीतरी वेळ बोर्डाकडे बघत राहिला. ठसा नसता तर आम्ही "सूत्रच तसं आहे" म्हणून पुढे गेलो असतो.

तेव्हापासून चुकलेली ओळ आम्ही पुसत नाही, तिच्यावर फक्त आडवी रेघ मारतो. आणि अडलेल्याच्या हातातच मार्कर. ज्याला येतं त्याने लिहायचं नाही, फक्त विचारायचं : बल कोणत्या दिशेला, काय स्थिर राहिलं, थेटा (कोन) शून्य केला तर काय होईल? हे पाळणं फार कठीण आहे, उत्तर दिसत असतं आणि हात शिवशिवतात. हार्वर्डमध्ये एरिक माझूर १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात विद्यार्थ्यांना आधी एकेकट्याने उत्तर द्यायला, मग शेजाऱ्याला पटवायला आणि मग पुन्हा उत्तर द्यायला लावत आले, हे वाचल्यावर पहिली पायरी आम्हीही घेतली. आधी पाच मिनिटं ज्याची त्याची वही, मग बोर्ड. भिंगाच्या दिवशी दोन वेगळी उत्तरं निघाली ती त्यामुळेच, नाहीतर चौघंही एकाच उत्तरामागे गेलो असतो.

बाकी थोडक्यात. मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवलेत तर शाई एका टोकाला जाते. लाल रंग सगळ्यात जास्त डाग ठेवतो, निदान आमच्याकडे. आकृती मोठी काढा, घर्षणाचा बाण आणि गुरुत्वबलाचा बाण एकमेकांवर चढले की चौघांसाठी हा बोर्ड लहान पडतो. खर्च करायची तयारी असेल तर काचेचा किंवा पोर्सिलेनचा थर असलेला घ्या, डाग जवळजवळ राहत नाही.

आम्ही मात्र हाच ठेवलाय. तीन स्टार, आणि कापलेले दोन्ही वॉरंटीच्या उत्तरासाठी. परवा अल्कोहोलने सगळा बोर्ड पांढरा केला, वरचा डावा कोपरा तेवढा सोडला. तिथे कपॅसिटरचा ठसा आहे आणि तो पुसायला चौघांपैकी कोणीच तयार नाही.