डॉक्युमेंटेशनचे विभाग: कोडच्या रचनेप्रमाणे की वाचकाच्या कामाप्रमाणे?

रीडमी फाईल (सॉफ्टवेअर प्रकल्पाची ओळख करून देणारी पहिली फाईल) वाढत जाते आणि कधीतरी तिची वेगवेगळी पानं करावीच लागतात. तेव्हा प्रकल्प सांभाळणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. पार्सर, स्टोरेज, प्लगइन असे कोडच्या रचनेप्रमाणे विभाग पाडायचे, किंवा वाचक काय करायला आलाय ते पाहून पाडायचे.

पहिली वाट लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि ही सोय कमी लेखू नये. एखाद्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एका भागात, बदल झाला की कोणतं पान सुधारायचं ते लगेच कळतं, आणि पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) तपासणाऱ्याला काही राहिलं असेल तर तेही दिसतं. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचा संदर्भ मॉड्यूलनिहायच आहे. युनिक्सच्या मॅन पेजमध्येही (कमांडची माहिती देणाऱ्या पानांत) सहसा एका कमांडला एक पान, आणि त्यात नाव, वापराचा नमुना, वर्णन, पर्याय हा ठरलेला क्रम. नाव माहीत असेल तर याहून जलद काही नाही.

अडचण नाव माहीत नसणाऱ्याची होते. त्याला बॅकअप घ्यायचाय. स्टोरेजचं पान उघडायचं की कॉन्फिगरेशनचं, हे त्याला कसं कळणार? पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने हे छान सोडवलंय. ‘बॅकअप आणि रिस्टोअर’ हे प्रकरण सर्व्हर प्रशासनाच्या भागात आहे. तिथे एसक्यूएल डम्प, फाईल सिस्टिमची नक्कल आणि सतत चालणारं आर्काइव्हिंग हे तिन्ही मार्ग शेजारी मांडलेत. पीजी-डम्प या डम्प काढणाऱ्या कमांडचे सगळे पर्याय मात्र संदर्भ विभागात, त्याच्या स्वतःच्या पानावर. ही पुनरुक्ती नाही, कारण दोन्ही ठिकाणी येणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो.

दुसऱ्या वाटेची सर्वांत नेटकी मांडणी म्हणजे डॅनिएले प्रोचिडा यांची डायटॅक्सिस ही पद्धत. तिच्यात चार प्रकार आहेत: शिकवणारे धडे, काम पार पाडायच्या कृती, संदर्भ आणि संकल्पनांचं स्पष्टीकरण. जँगो या वेब फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन असंच विभागलेलं आहे. कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीतही संकल्पना, कामं, धडे आणि संदर्भ असे विभाग दिसतात. नवख्याला इथे खरोखर आधार मिळतो. पण किंमत मोजावी लागते. एकच सुविधा चार ठिकाणी येते, ती बदलली की चारही पानं तपासावी लागतात, आणि हात कमी असतील तर त्यातलं एखादं पान जुनं होऊन चुकीचं सांगू लागतं. म्हणून छोट्या प्रकल्पाने सुरुवातीलाच चार रिकामे विभाग उघडून ठेवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. रिकामं पान पाहून वाचक प्रकल्पावरचा विश्वास गमावतो.

लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) तडजोड मला आवडते. २०१६ मध्ये स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनाकडे वळल्यानंतर तिथल्या विखुरलेल्या फायलींची पुनर्रचना सुरू झाली: प्रशासकांसाठी एक पुस्तिका, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी दुसरी, यूजर-स्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्राममधून) कर्नल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. आधी वाचक कोण ते ठरतं आणि उपप्रणाली नंतर येतात.

तुमची लायब्ररी प्रोग्रामरच वापरत असतील तर मॉड्यूलनिहाय संदर्भ, एक चांगला धडा आणि नेहमी विचारल्या जाणाऱ्या कामांची पाच-सहा पानं पुरतात. वापरणारे कोड न वाचणारे असतील, तर वरची पातळी कामांप्रमाणेच ठेवा आणि भागांची नावं संदर्भात येऊ द्या.

शीर्षकांनाही हाच न्याय. संदर्भाच्या पानाला ‘कॅशे’ (तात्पुरता साठा) पुरेसं. कृतीच्या पानाला ‘कॅशे रिकामी करणे’ हवं. अडचणींच्या पानावर तर एररचा संदेश जसाच्या तसा शीर्षकात घ्या, कारण लोक तोच सर्चमध्ये चिकटवतात. ‘इतर’ आणि ‘प्रगत’ ही शीर्षकं टाळाच: आत काय आहे ते त्यांतून कुणालाच कळत नाही, आणि कुठे ठेवायचं ते न सुचलेलं सगळं तिथे साचतं. शब्द सुचत नसतील तर वापरणाऱ्यांकडून आलेले इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) वाचा. ‘पासवर्ड विसरलो’ असं लोक लिहीत असतील, तर ‘क्रेडेन्शियल व्यवस्थापन’ या शीर्षकाखाली ते शोधणार नाहीत.

पण शीर्षक बदलण्याआधी एक पाहा. गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ) शीर्षकावरूनच त्या विभागाची लिंक बनवतो, त्यामुळे शब्द बदलला की जुन्या लिंकने येणारा त्या विभागाऐवजी पानाच्या सुरुवातीला पोहोचतो. स्फिंक्समध्ये विभागाला स्वतंत्र लेबल देता येतं आणि शीर्षक बदललं तरी ते टिकतं. ज्या विभागांच्या लिंक इतर लोक वारंवार देतात, त्यांना तरी हे लेबल आधीच देऊन ठेवा.